पन्नास गिऱ्हाइकांपर्यंत मोफत

दालकावेच्या धक्क्यावरून वर चढलं की तिसरं पत्र्याचं शेड माझं.
पाटी नाही. पाटीला पैसे पडतात,
आणि इंजिन बंद पडलेला माणूस पाटी वाचत नाही,
इंजिन खांद्यावर घेऊन "एर्मेलिंदा!" म्हणून ओरडतो.

भाच्याने फोनवर हिशेबाचं अ‍ॅप टाकून दिलं.
"मावशी, फुकट आहे," म्हणाला
आणि बस पकडून पुएर्तो माँतला गेला.
फुकट म्हणजे काय ते मला ऑगस्टात कळलं.

तोवर बरं चाललं होतं आमचं.
कोणाचा कार्ब्युरेटर, कोणाचा प्रॉपेलर,
कोणाची उधारी कुठल्या भरतीपर्यंत, सगळं ते लक्षात ठेवायचं.
ग्रीसच्या अंगठ्याला ओळख देत नसे,
म्हणून मी करंगळी स्वच्छ ठेवायला शिकले.
बिल थेट समुद्रावर पोचायचं.
बिल पाहून हसलेला कोळी मी अजून पाहिला नाही,
पण "मिळालंच नाही" म्हणायची सोय तेवढी संपली.

मग दाट धुक्याच्या एका मंगळवारी
नोएमी ग्वाइकिन आली. वय एकोणीस.
आईची बोट, समुद्रातलं शेवाळ गोळा करायची;
इंजिन आतून गंजून नुसतं मीठ झालेलं.
मी तिचं नाव टाकलं. लाल पट्टी आली:
तुमची पन्नास गिऱ्हाइकं पूर्ण झाली.
एक्कावन्नाव्यासाठी दरमहा इतके.
इतके म्हणजे माझ्या चुलीचं दोन आठवड्यांचं लाकूड.
खाली बारीक अक्षरात दुसरी वाट:
जुनं गिऱ्हाईक काढून टाका.

कोणाला काढू?
ओनोफ्रे बुडव्या. पण त्याला काढलं तर त्याला रान मोकळं.
शाळेची बोट वर्षातून एकदा येते. पण तिच्यात मुलं बसतात.
चौथी माझी सख्खी बहीण, तिने कधीच पैसे दिले नाहीत;
काढलं तर तिला कळेल. तिला सगळं कळतं.
आणि सतरावे, इपोलितो बार्रिया.
शेरा: काम पूर्ण. न्यायला आले नाहीत.

येणार कसे.
एप्रिलमध्ये गेले, घरात, झोपेत,
ज्यांच्यासाठी समुद्र चाळीस वर्षं ताटकळला होता.
इंजिन माझ्या फळीवर, गोणपाटाखाली.
आठवड्यातून एकदा पिंपात बुडवून, दोरी ओढून
मी ते चालू करून बघते. का, ते विचारू नका.
अ‍ॅपही दर सोमवारी विचारतं:
इपोलितो यांना आठवण पाठवू का?

'काढा'वर करंगळी ठेवली.
फोन म्हणाला, नक्की? हे परत आणता येणार नाही.
हे मला फोनने सांगायचं?

सकाळी क्लोदोमिराकडे गेले. ती बियाण्याचे बटाटे निवडत होती.
सगळं ऐकून घेतलं, हात न थांबवता.
"वाजतं का अजून?"
"पहिल्या ओढीला."
"मग फळीवर कशाला?"
ठरलं असं: इंजिन नोएमीला;
तिने दोन हंगाम क्लोदोमिराच्या वाफ्यांना
शेवाळाचं खत आणून घालायचं.

रक्कम: शून्य. त्या चौकटीत फक्त आकडे चालतात.
शेऱ्याला मात्र मर्यादा नाही, तीही फुकटात,
तिथे मी वाफे लिहिले, शेवाळ लिहिलं, दोन हंगाम लिहिले.
सतराव्या ओळीत नाव इपोलितोंचंच ठेवलं,
नंबर नोएमीचा.
गिऱ्हाइकं: पन्नास.

सोमवारी अ‍ॅपने विचारलं, आठवण पाठवू का?
पाठव, म्हटलं.
दुपारी इपोलितोंच्या नावाने उत्तर आलं:
मिळालं. छान चालतंय. ओहोटीला निघतेय.
मी ते तीनदा वाचलं
आणि चहा ठेवला.

आता ओनोफ्रेचा धाकटा भाऊ दारात उभा आहे, पंप घेऊन.
त्याला मी ओनोफ्रेच्याच ओळीत घातला.
उधारीसकट.