अक्षरामागे दोन रुपये

भांडी बाजारात, जिन्याखाली, माझी फळी.
सुई थरथरते, धातूला टोचत जाते.
डोळ्याजवळ धरलं तर नाव कुठेच नसतं,
नुसते ठिपके.
हात लांब करा, मग उमटतं:
चि. सौ. कां. अमुक हिस, मामांकडून.

गायधनी मॅडम आल्या त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं.
पिशवीत तांब्याच्या सोळा वाट्या.
कॉलेजातला शेवटचा वर्ग, सोळाच पोरं,
प्रत्येकाला एक.
कागद पुढे केला. इलेक्ट्रॉन. प्रोटॉन. म्यूऑन.
म्हटलं, आडनावं?
म्हणाल्या, बहुतेकांचं एकच. ऑन.
म्हटलं, मग आडनावाचे पैसे एकदाच लावतो.

पण कुणाकडून ते कळल्याशिवाय मी सुई टेकवत नाही.
म्हणून त्या स्टुलावर बसल्या
आणि एकेकाचं बारसं सांगू लागल्या.
त्यांच्या माहेरी रामकुंडावर वह्या आहेत,
कुणाचा पणजा कुठल्या गावचा, ते बोटावर.
तोच आवाज.

इलेक्ट्रॉन म्हणजे राळेचा खडा,
लोकरीवर घासला की पिसं ओढणारा.
प्रोटॉन म्हणजे पहिला. (थोरला, मी म्हटलं.)
लेप्टॉन, बारीक; त्या देशात एका चिल्लर नाण्यालाही तेच म्हणत.
माझा जावई नोटांच्या प्रेसात आहे, त्याला सांगायला हवं.
न्यूट्रिनो म्हणजे? न्यूट्रॉनुला, त्या हसल्या,
सोनुला, तान्हुला, तसा.
मी बोलता बोलता तो अक्षर थोडं लहान काढलं.

बोसॉनला सुई आपोआप चालली.
हे तर बोस, बंगालचे. आपल्याकडचं माणूस
त्यांच्या वहीत.

म्यूऑन सापडला तेव्हा कुणाला नको होता,
ह्याला कुणी बोलावलं, असं विचारलं म्हणे.
मी मशीन बंद केली.
माझ्या आत्याचं नाव नकुशी.
पाचवी मुलगी. म्हातारपणी मतदान केंद्रावर
साहेबानं मोठ्यानं वाचलं, नकुशी कोण,
तर ही हात वर करून पुढे गेली, ऐटीत.
तिच्या घरात एकाही भांड्यावर तिचं नाव नव्हतं.
मॅडम काही बोलल्या नाहीत.
म्यूऑनच्या डोक्यावरचा अर्धचंद्र मी दोनदा गिरवला.

मग स्ट्रेंज.
का विचित्र? जगायला हवे त्याहून जास्त जगले म्हणून.
आमच्यात अशाला चिरंजीव म्हणतात, मी म्हटलं.
त्या कागदावर काहीतरी लिहून घेऊ लागल्या.

क्वार्कला अर्थ विचारला. म्हणाल्या,
आवाज आधी सुचला, लिहायचं कसं ते नंतर ठरलं.
हे मला पटलं. आमच्या पोराचं बंड्या असंच झालं.

चौदाव्या वाटीवर हात सवयीनं गेला.
उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या दुकानात तो डबा असतो ना,
ग्लुऑनच्या जागी ग्लुकोन.
तांब्यावरचं खोडता येत नाही.
नवी वाटी माझ्या पैशानं आणली.

उठता उठता त्यांनी सांगितलं,
अणूला तिकडे जे नाव पडलं, त्याचा अर्थ
कापता येत नाही असा.
कापला. तरी नाव तेच.
मी बाहेर पाहिलं. पाटी दिसत होती, पेढीची,
खाली शहराचं नाव.
नाक कापलं म्हणून नाशिक,
कुणी म्हणतं, नऊ टेकड्या म्हणून.
आणि मधे काही वर्षं म्हणे गुलशनाबाद,
ते उडून गेलं, कापलेलं राहिलं.

बिल केलं. काना, मात्रा, अनुस्वार मी फुकट देतो.
जोडाक्षराला दीड.
म्यूऑनचे घेतले नाहीत, त्यांनी मोजून पाहिलं,
तरी काही म्हटलं नाही.

चुकलेली वाटी घरी आहे.
बायको तिच्यात खळ कालवते, पोरांच्या वह्यांना कव्हरं लावायला.
ग्लुऑनचा अर्थ तोच, चिकटवणारा,
हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.