सामू चार पूर्णांक आठ

अहवाल आला, पोस्टमनच्या घामाने दुमडीवर ओला:
सामू चार पूर्णांक आठ.
स्फुरद आहे, पण लोहाच्या मुठीत.
मॅग्नेशियमपुढे नुसती आडवी रेघ.

आंजर्ल्याच्या वरच्या आगरातलं जायफळ
तीन वर्षं पिवळं पडत होतं,
शिरा तेवढ्या हिरव्या.
जुनी पानं आपलं हिरवं नव्यांना देऊन टाकत होती,
कुणी मागितलं नसताना.

भिकाजीने युरिया ओतला. पुन्हा ओतला.
झाड आणखी पिवळं.
मग त्याने फांदीला बिब्बा टांगला.
मी हसले नाही, माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

जांभा लाल, म्हणून आपण त्याला श्रीमंत समजतो.
चाळणी आहे ती.
साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस
दर साली मातीतला चुना धुऊन नेतो
खाडीत.
आणि खाडीत तो कोण गोळा करतं?
तिसऱ्या. मुळे. कालवं.

जुलेखाबी ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात
पायाच्या बोटांनी त्यांना शोधते.
मांस बाजारात, शिंपले दाराशी.
"न्या की, पोरांचे पाय कापतात."

दोन पाट्या भट्टीत भाजले,
पाणी मारून विझवले, चाळले,
खोडापासून हातभर लांब
आळ्यात मिसळले.
शिवाय दापोलीहून अर्धं पोतं डोलोमाइट.

लगेच काही होत नाही.
पिवळी झालेली पानं पिवळीच गळतील.
पण काल शेंड्याला एक फूट, पोपटी, ओली.
भिकाजी बोट न लावता बघत राहिला.

बिब्बा त्याने काढलेला नाही.
असू दे.