सकाळी सहा दहा

इसाफ्योर्दुरच्या मासळी कारखान्यात
नवं पोर्टल आलं, तेव्हा
भिंतभर पडद्यावर त्याचा निळा रंग दाखवला.
बोगुमिलाने मान डोलावली,
हातमोजे पुन्हा चढवले.

तिला एवढंच हवं होतं:
रजा किती उरली,
शनिवारची पाळी कुणाच्या माथी,
आणि हे शोधेपर्यंत कॉफी निवू नये.

मार्चात चार दिवस कमी दिसले.
तिने पोलिशमध्येच दोन ओळी खरडल्या,
उत्तराची आशा न धरता.

दुसऱ्या दिवशी आकडा बरोबर.
खाली बारीक अक्षरांत:
‘दुरुस्त केलं, सकाळी सहा दहा.
चूक माझीच. थोर्दिस.’

ही थोर्दिस कोण, तिला अजून माहीत नाही.
पण डब्याच्या सुट्टीत ती पोर्टल उघडते,
काम नसलं तरी,
माशांचा वास लागलेल्या अंगठ्याने.