फेज

मंगळवारी संध्याकाळी शिष्यवर्ग भरतो
चर्चमागच्या खोलीत, जिथे पूर्वी
सरकीच्या ढेपेची पोती असत.
वास अजून गेलेला नाही.
प्रार्थनेला डोळे मिटले की मला
आधी म्हैस आठवते, मग देव.

ब्रदर एल्कानांनी फळ्यावर
मधोमध उभी रेघ ओढली.
डावीकडे पुरुष. उजवीकडे स्त्री.
म्हणाले, वचनात शोधा आणि सांगा.

डावी बाजू भराभर भरली.
मस्तक. पोशिंदा. राखणदार.
उजवीकडे अधीन, सौम्य, मदतनीस,
आणि तिथे खडू मोडला.

तेवढ्यात तबीथाबाई खंडारे,
गुडघे गेलेत म्हणून एकट्याच खुर्चीवर बसणाऱ्या,
बोलल्या,
"मदतीले येते तो लहान असते काय, भाऊ?
रात्री मोटर जळते, तवा शांतवनले हाका मारता.
तो येते.
मंग पयला चहा कोणाले देता?"

सगळे हसले.
शांतवन हसला नाही.
त्याच्या नखांत ग्रीस असतं, आणि खोबरेल.
बायकोला लकवा झाल्यापासून
तिची वेणी तोच घालतो.
सुरुवातीला ती चऱ्हाटासारखी व्हायची.
आता भांगसुद्धा सरळ पाडतो.
हे रेघेच्या कोणत्या बाजूला लिहायचं
ते कोणी विचारलं नाही,
त्यानेही सांगितलं नाही.

माझा नवरा, ओबेद,
भिंतीला टेकून सतरंजीचा एक दोरा उसवत होता.
'मस्तक' त्यानेच सांगितलं होतं,
शाळेत पाढा म्हणावा तसं.
त्याच्या बापाला तो शब्द फार आवडे.
सासूबाईंच्या कानामागे
त्या शब्दाचा व्रण आहे.
पदर बरोबर तिथवर येतो.

सव्वानऊला थ्री फेज आली.
हरभरा तहानलेला, लाइन पहाटेपर्यंतच.
माणसं उठली.
शेवटची प्रार्थना
चपला शोधता शोधता झाली,
आमेन कोणी अंगणातून म्हटलं.

एरवी मी घरी जाते.
त्या रात्री बॅटरी माझ्या हातात होती
आणि मी ती दिली नाही.

धुऱ्यावरून आम्ही पुढेमागे चाललो.
तुरीत डुकरं असतील म्हणून
तो मुद्दाम खोकत होता.
मी उजेड धरला, त्याने दांड फोडला.
मग फावडं माझ्याकडे कधी आलं
आणि बॅटरी त्याच्याकडे कधी गेली,
लक्षात राहिलं नाही.
चिखलाने दोघांचे पाय
घोट्यापर्यंत एकसारखे केले होते.

तिसऱ्या सरीत पाणी शिरलं तेव्हा
विहिरीकडे तोंड करून तो म्हणाला,
"तुले माहं भेव वाटते का वं?"

मोटर चालू होती.
ऐकू आलं नाही, असं म्हणता आलं असतं.

पहिल्या बागेतही असंच झालं असेल.
सांजवाऱ्यात कोणी हाक मारत फिरतंय,
कुठे आहेस,
आणि दोघंही झाडाआड,
पानं घट्ट धरून.

मी म्हटलं, "कधी कधी."
मग म्हटलं,
"तुमी ताट सरकवता, तवा."

तो काही बोलला नाही.
सरी भरून पाणी धुऱ्यावर चढलं,
वाया चाललं होतं, दोघांना दिसत होतं.
बराच वेळ कोणी हललं नाही.
मग तो वाकला आणि
फावडं माझ्या हातात असताना
नुसत्या हातांनी बांध घालत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी
भाकर जरा करपली.
त्याने ताट सरकवलं नाही.
दोन्ही हातांत उचललं,
आणि तसाच बसून राहिला,
आता ते कुठे ठेवायचं
हे कोणी शिकवलंच नव्हतं असा.

मीही सांगितलं नाही.
मलाही ठाऊक नव्हतं.