मीठ

डिसेंबरात धुळ्याचा पारा सहावर येतो
तेव्हा वस्तऱ्याचं पातंही बोटाला चावतं.
सकाळी शटर वर केलं, अगरबत्ती लावली,
काचेच्या पेटीकडे बघायचं मात्र राहून गेलं.

बघितलं ते हिलाल अप्पांच्या नातवानं.
खुर्चीच्या हातांवर फळी, फळीवर तो, गळ्याला कापड,
मान खाली, डोळे तिरके:
"दादा, मासावर मीठ कोनी टाकं?"

खरंच की.
काळ्या मॉलीच्या अंगावर रव्याएवढे पांढरे दाणे,
शेपटीवर सात, कल्ल्याजवळ चार.
मी मोजत राहिलो,
आणि अर्धं डोकं कापलेलं पोर फळीवर तसंच.

तीस वर्षं मी लोकांची कातडी वाचतोय.
कोंडा कोणता, गजकर्ण कोणतं, चाई कुठून सुरू झाली,
कुणाच्या मानेवरची गाठ मागच्या कटिंगला नव्हती.
बोलतो बेतानंच.
न्हाव्याच्या तोंडून आजार ऐकायला कुणी येत नाही.
माशाशी तर बोलायचीही सोय नाही,
त्याच्या सवयी बघायच्या:
पर मिटून घेतलेत का,
दगडाला अंग घासतोय का,
सगळे दाण्यांवर तुटून पडले असताना
हाच एकटा बुडबुड्यांपाशी का उभा.
तीन दिवस उभा होता. मी समजलो, थंडी.

बारापत्थरचा जैनुद्दीन माशांचा माणूस.
फोनवरच म्हणाला, सैंदाणे, घाई करू नको.
दाणा कातडीखाली आहे तोवर औषध त्याला शिवत नाही.
तो पिकणार, गळणार, तळाच्या वाळूत फुटणार,
एकाचे शेकडो होऊन नवा मासा शोधत निघणार,
त्या उघड्यावरच्या वेळेतच मरतो तो.
ऊब दे, म्हणजे लवकर निघेल.

म्हणून हीटर. दिवसाला दोन अंश, जास्त नाही,
एकोणतीसवर थांबवला.
मे महिन्यात याच पेटीत
मी बर्फाची पिशवी सोडतो,
तेव्हा गल्ली नंबर सहा हसते.
आता लाईट गेली की
गरम पाण्याची बाटली तरंगवतो,
तरीही हसतेच.

पाणी तिसरा हिस्सा बदलायचं, वाळू नळीनं ओढून.
नळ येतो आठव्या दिवशी,
ड्रममधल्या पाण्यातला क्लोरीन कधीच उडून गेलेला.
तुटवड्याचा एवढाच काय तो फायदा.
मग खडेमीठ, दहा लिटरला दोन चमचे,
मगात विरघळवून, तीन वेळा थोडं थोडं.
तळाशी मिशा हलवत फिरणारीला खवले नाहीत,
तिला सोसवेल की नाही म्हणून
तिची सोय दाढीच्या पाण्याच्या जुन्या बादलीत,
निम्म्या मिठावर.
मिठासारखं दिसतं, आणि मिठानंच जातं.
हे पोराला सांगायचं राहिलं.

पाचव्या दिवशी मॉली स्वच्छ. काळी, कोरी.
सगळी गिऱ्हाइकं म्हणाली, झालं, आता हीटर काढा,
बिल कशाला वाढवता.

माझा भाऊ उखा तिसऱ्या महिन्यात असाच स्वच्छ झाला होता.
खोकला गेला, भूक लागली, वजन चार किलो वाढलं.
गोळ्यांचं पाकीट दिवाळीच्या साफसफाईत
कपाटावरून खाली आलं, अर्धं भरलेलं.
कुणी काही बोललं नाही.
मी त्याची दाढी दर रविवारी करायचो,
गालफडं आत जाताना
माझ्या बोटांना आधी कळलं.
बोललो बेतानंच.

हीटर काढला नाही.
ठिपके गेल्यावर आणखी दहा दिवस
पाणी बदललं, मीठ भरून काढलं,
कोऱ्या माशाकडे रोज टॉर्च मारून बघत बसलो.
गुरामी वाचली नाही. तिच्या कल्ल्यांत
आधीच शिरलं होतं ते, बाहेर एकही दाणा नव्हता.
बाहेरच्या लिंबाच्या बुडाशी तिला ठेवली,
वर चपटा दगड, मांजरासाठी.

महिन्यानं अप्पांचा नातू पुन्हा फळीवर.
केस कानावर आलेले, बोट काचेकडे.
"दादा, मीठ कोठे गयं?"

पाण्यात, म्हटलं.
मान खाली घाल.