सकळ लिपी

पहिल्याच आठवड्यात मी सिटीलिंकच्या कंडक्टरला
दंडवत प्रणाम म्हणाले.
तो म्हणाला, पंधरा रुपये. सुट्टे द्या.
मागच्या सीटवरच्या पोरी हसल्या,
मला वाटलं, त्यांनाही म्हणायचं राहिलं.

आश्रमात मी देमाई, तिसऱ्या वर्षापासून.
आधार कार्डावर हर्षदा कचरू वाघचौरे.
सिडकोत मामी हर्षदाच म्हणते.
हाक आली की मी अजून
मागे वळून बघते, कोणाला बोलावतेय.

जीन्स मामेबहिणीची, पिंकीची. कमरेला सैल.
आरशात मला दोन पाय दिसले,
वेगवेगळे.
लगेच ओढणी शोधली.

कॉलेजच्या गणपतीत ऋतुजाने
न विचारता हातावर मोदक ठेवला.
घे गं, साजूक तुपातला आहे.
आम्ही दुसऱ्या देवाचं खात नाही,
हे वाक्य मला पाठ होतं,
पण तिच्या तोंडाकडे बघून बोलता येईना.
खाल्ला नाही. टाकलाही नाही.
अकाउंट्सचा अख्खा तास डावी मूठ मिटून
उजव्या हाताने नावे-जमा लिहिली,
गूळ मनगटापर्यंत पाझरला.
अशोकस्तंभाजवळ एका गाईला दिला शेवटी.
तिने विचारलं नाही, कोणाचा.
मी मात्र बोटं चाटली,
रस्त्यात, सवयीने,
आणि मग आठवलं.

रविवारी ताईंचा फोन येतो.
नामस्मरण होतं का, बाई?
होतं, म्हणते.
खोटं नाही अगदीच:
द्वारकेच्या चौकात चारी बाजूंनी ट्रक आले
की नाम आपोआप येतं,
पलीकडे पोचेपर्यंत.
पलीकडे पोचल्यावर जातं.

रात्री पिंकी फोन उशीखाली घेऊन झोपते
तेव्हा मी वही काढते.
एका अक्षराच्या जागी दुसरं.
ताईंनी शिकवली होती ही लिपी
आठव्या वर्षी, पाटीवर, अंगणात बसवून.
ज्ञान भलत्याच्या हाती पडू नये, बाई,
म्हणून पूर्वजांनी झाकून ठेवलं.
केवढं जपलं असेल त्यांनी
एकेक पान.

तिच्यात मी काल लिहिलं:
निळा टॉप, शालिमार, दोनशे नव्वद, घासाघीस करायची.
खाली: मिसळ खाल्ली, रडू आलं, तिखटाने.
त्याच्याखाली एक नाव,
तीन अक्षरी, अकाउंट्सच्या वर्गातलं.

पिंकी एकदा वही उलटीसुलटी करून म्हणाली,
मला शिकव ना हे.
मी नाही म्हणाले.
इतकं पटकन नाही
मी याआधी कोणालाच म्हटलं नव्हतं.