अपवाद वगळता

आरसा गेटच्या खिडकीत फोटो काढला गेला तेव्हा
माझे डोळे मिटलेले होते.
तोच पास घेऊन चौथ्या मजल्यावर गेले,
मिटल्या डोळ्यांची सल्लागार,
वय तेवीस, पदवीचा कागद अजून विद्यापीठातून यायचाय.

आमच्या कंपनीच्या प्रस्तावात माझा एक दिवस
साडेअठरा हजारांचा.
(त्यातले मला किती मिळतात ते आईलाही सांगितलेलं नाही.)
"तुमच्या दराची नस्ती माझ्याच टेबलावरून गेली,"
कक्ष अधिकारी गोडांबे म्हणाले
आणि खुर्चीवरचे गठ्ठे उचलून
मला बसायला जागा केली.
आवाजात काही नव्हतं. तेच टोचलं.

उपसचिव बाईंच्या दालनात
मी बेचाळीस स्लाइड उघडल्या.
प्रोजेक्टर नव्हता. लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला
तर समुद्राकडचा उजेड थेट पडद्यावर
आणि माझे आलेख दिसेनासे.
सातव्या स्लाइडला त्यांनी चष्मा काढला.
"हे मराठीत द्या. दीड पान.
गाडीत बसून वाचता येईल एवढं."

स्टेकहोल्डर.
या एका शब्दापाशी वीस मिनिटं गेली.
भागधारक? ते शेअरबाजारात.
हितसंबंधी? ते वर्तमानपत्रात, आणि चोर वाटतात.
दहावीला मराठीत सत्त्याऐंशी होते मला,
कुठे खर्च झाले कोण जाणे.
"कोण म्हणायचंय तुम्हाला?" गोडांब्यांनी विचारलं.
सेविका, मदतनीस, मुलांच्या आया.
"मग तसं लिहा की."

जेवायच्या सुट्टीआधी ते माझा तक्ता बघत राहिले,
बोट ओळीओळीवरून,
वाण्याची उधारी तपासावी तसं.
"एक गाव कमी आहे."
काढलंय, मी म्हटलं. तिथल्या बत्तीसही मुलांचं वजन
नऊ किलो चारशे.
आलेख बिघडत होता.
खाली टीप दिलीय: अपवाद वगळता.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.
"मी होतो त्या तालुक्यात, साडेतीन वर्षं.
काटा अडकलाय त्यांचा. नऊ-चारशेवर.
पोर ठेवा नाहीतर पायली ठेवा.
नव्या काट्यासाठी तीन अर्ज आले होते.
एक माझ्याच सहीनं परत गेला,
सोबत नमुना 'ब' नव्हता."
मग डबा उघडला. शेपू होती.
अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवली
आणि मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाचं बोलायला लागले.

संध्याकाळी नरिमन पॉइंटवरून बत्रांचा फोन:
आवडलं का त्यांना? पुढचा टप्पा मिळेल ना?
मी म्हटलं, चष्मा काढला.

दीड पानातला तिसरा परिच्छेद माझा.
"एका गावात वजनकाटा बंद आहे.
तेथील मुलांचे वजन माहीत नाही."
एवढी छोटी वाक्यं इथे चालतात का?
"चालत नाहीत," गोडांबे म्हणाले
आणि शेवटी 'सादर' लिहून सही केली.

नस्ती वर गेली.
नवव्या दिवशी खाली आली.
समासात हिरवी शाई: कृपया चर्चा करावी.
माझ्या वाक्याखाली रेघ होती.
मारणाऱ्याला पटलं की खुपलं
ते रेघेवरून कळत नाही.

चर्चेची वेळ मंगळवारची मिळाली,
मग पुढच्या मंगळवारची.
मधल्या दिवसांत मी ते गाव तक्त्यात परत घातलं.
आलेख बिघडला. चढत चढत येतो
आणि अचानक एक सपाट रेघ,
बत्तीस मुलांइतकी लांब.
हे काय खराब दिसतंय, बत्रांनी विचारलं.
मी शब्द शोधत राहिले,
या वेळी इंग्रजीत.